खाऱ्या पाण्याची विहीणबाई

बाईने मासे विकले, चिरले, रांधले तर कोणाला काही वाटत नाही. पण हातात काडी घेऊन काठावर तासन् तास बसलेली बाई दिसली, की येणारा-जाणारा थांबून विचारतोच, घरी कोणी नाही का. नोकरीत होते तेव्हा मी फक्त रविवारी बसायचे. निवृत्त झाल्यावर कोणाच्या बापाला विचारायची गरज उरली नाही. हे वडिलांनी शिकवलं, नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावावर. ते गिरणीत होते. आठवडाभर यंत्रांचा खडखडाट ऐकून सुट्टीच्या दिवशी त्यांना आवाज नको असायचा, आणि आमच्या घरात गप्प बसू शकणारी मी एकटीच होते. पुढे ती सवय सुटली, हे माझ्या मुलीला विचारलंत तर ती आनंदाने सांगेल.

तलावावर आता गळ टाकायची सोय राहिली नाही, म्हणून मी खाप्याला जाते. मामाचं गाव. कन्हान नदी तिथे रुंद आहे, आणि घाटापासून थोडं वर गेलं की एका कडुलिंबाखाली माझी जागा आहे. बांबूची काडी, नायलॉनचा दोरा, मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा आणि गळाला कणकेची गोळी, तिच्यात थोडी सरकीची ढेप आणि चिमूटभर हिंग. रोहूला हिंगाचा वास आवडतो असं वडील म्हणायचे. खरं-खोटं रोहूला माहीत, पण हिंगाशिवाय मी गोळी मळत नाही.

माझी मुलगी मनीषनगरात राहते. जावई रत्नागिरीकडचे, समुद्राला लागून असलेल्या एका गावातले. बँकेच्या नोकरीने नागपुरात आले, माझ्या मुलीला भेटले आणि इथलेच झाले. लग्न ठरलं तेव्हा आमच्या नातेवाईक बायकांनी विचारलं होतं की इतक्या दूरचा मुलगा काहून. मी म्हटलं, मुलगा दूरचा असला तरी पोरगी जवळ राहते, अजून काय पाहिजे. मालक गेल्यापासून तर माझा सगळा दिवस त्या जवळ असण्यावरच उभा आहे. शाळा सुटली की नात माझ्याकडे येते, संध्याकाळी मुलगी तिला न्यायला येते, दोघी चहा पितो, थोडं भांडतो. याला मी सुख म्हणते, आणि ते गेलं तर माझं काय होईल याचा विचार मी करत नव्हते.

मग व्याही वारले. विहीणबाई तिकडे एकट्या राहिल्या आणि पावसाळ्यात खडकावर घसरून त्यांचं मनगट मोडलं. जावई गेले आणि त्यांना घेऊन आले, कायमच्या. मनगट जुळलं, बाई मात्र जुळेनात. मुलगी फोनवर सांगायची, आई, त्या बोलत नाहीत, दिवसभर गॅलरीत बसून राहतात, जेवणाचा तर पत्ताच नाही. कधी सकाळी दहालाच ताट मागतात, कधी तीन वाजले तरी नको म्हणतात. जावई आपल्या आईला वाळताना बघत होते. शेवटी एक दिवस त्यांनी माझ्या मुलीला सांगितलं, पोरीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत वाट बघू. आई रमली तर ठीक, नाहीतर मी रत्नागिरीला बदली मागतो, आपण सगळेच जाऊ. मुलीने हे मला सांगितलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला आणि ठरवलं, विहीणबाईंना नागपुरात रमवायचं. त्यांच्यावर माया होती म्हणून नाही. मला माझी मुलगी आणि नात जाऊ द्यायची नव्हती.

रमवायचं कशाने, हा प्रश्नच नव्हता. बाई मासे गरवणारी होती. त्यांच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळ टाकायला जाण्याला गरवायला जाणं. लग्नात आमची पहिली ओळख झाली तीच मुळी यावरून वाद घालत. मी नदीचे मासे म्हटल्यावर त्यांनी नाक असं मुरडलं होतं, जसं मी बेडूकच म्हटलं होतं. विहिणीचा तोरा म्हणून तेव्हा सोडून दिलं. आता तोच तोरा कामाला आला. मी फोन करून म्हटलं, या खाप्याला, बघू तुमची गरी काय करते ते. बाई लगेच तयार झाल्या, आणि मुलीला म्हणे त्यांनी बाजारातून ताजे झिंगे आणायला लावले, गरीला लावायला.

थंडी सरत आली होती. सकाळच्या गाडीने सावनेर आणि तिथून खापा. गाडीत विहीणबाई खिडकीशी बसल्या आणि कापसाच्या उजाड शेतांकडे बघत राहिल्या. घाटावर पोचल्यावर नदीकडे पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठे गेलं. मी म्हटलं, हेच पाणी. त्या म्हणाल्या, मग वाळू कसली एवढी. मी सांगितलं, पावसाळ्यात ही सगळी वाळू पाण्याखाली असते. म्हणजे वर्षातून एकदा भरती, असं म्हणून त्यांनी चप्पल काढली आणि पाण्यात पाय घातला. मग बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी गोडं आहे हे त्यांना काय माहीत नव्हतं? तरी चाखून बघितलं आणि तोंड वाईट केलं.

मी त्यांना माझी दुसरी काडी दिली. तरंगणारा तुकडा दाखवला. म्हटलं, याच्याकडे बघत राहायचं. थरथरला तर माशाने नुसतं हुंगलंय, बुडाला की ओढायचं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, हे असं बघत बसायचं? आमच्याकडे लाटेवर असला तुकडा टाकला तर तो दिवसभर नाचेल, मासा असो नसो. काडी बाजूला ठेवून त्यांनी पिशवीतून एक लाकडाचा तुकडा काढला. त्याला जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि मोठी गरी. झिंगा लावला, दोन फेरे फिरवून दोर लांब टाकला, आणि दोर पहिल्या बोटावर घेऊन डोळे मिटले. हो, मिटले. मला वाटलं बाई झोपली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी एकच काम दोन वेगळ्या इंद्रियांनी करतो. मी डोळ्याने मासा धरते, त्या बोटाने. माझं पाणी संथ, म्हणून माझ्या माशाची चाहूल वर दिसते. त्यांचं पाणी कधी संथ नसतंच, तिथे डोळ्यांचा काही उपयोग नाही. खाली काय चाललंय ते दोरातूनच कळणार. लाटेची ओढ कोणती, शेवाळाची कोणती, माशाची कोणती, हे बोट ओळखतं. इतकी वर्षं मासे धरून मला हे कधी सुचलं नव्हतं, कारण मी समुद्र पाहिला तो सहलीत, वाळूवर उभं राहून, साडी भिजू नये म्हणून वर धरून.

नदी त्यांच्यावर लवकर प्रसन्न झाली. दोर ताणला, विहीणबाई उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी सरासर ओढायला लागल्या. मी ओरडले, सोडा, थोडा सोडा, पळू द्या त्याले. त्यांनी ऐकलं नाही. पाण्यावर रोहूची पाठ चमकली, चांगला मोठा होता, आणि काठापासून हातभर अंतरावर दोर एकदम हलका झाला. गरीला ओठाचा तुकडा तेवढा राहिला होता. रोहूचा ओठ मऊ असतो, असं ओढलं की फाटतो. मी संतापले. मला फाटक्या तोंडाचा मासा पाण्यात गेलेला बघवत नाही, आणि माझी जीभ माझ्या ताब्यात नसते. मी म्हटलं, ही काय विहिरीतली बादली आहे का.

विहीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मनगट चोळलं आणि सांगितलं की तिकडे असंच ओढावं लागतं. मासा लागला की तो खडकाच्या कपारीत शिरतो. एकदा शिरला की दोर खडकावर घासून तुटतो, मासाही जातो आणि गरीही. म्हणून श्वास घ्यायच्या आत वर काढायचा. इथे खडक नाहीत, हे त्यांच्या डोक्याला कळत होतं, हातांना कळत नव्हतं. मी म्हटलं, नदीत मासा दमवायचा असतो, पळू द्यायचं, परत ओढायचं, पुन्हा पळू द्यायचं. त्यावर त्या म्हणाल्या, एवढा धीर असता तर घाईत खडकावर घसरून मी इथं आले असते का.

बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी मनात घट्ट धरली. बोय नावाचा मासा म्हणे समुद्रातही राहतो आणि खाडीतून वर गोड्या पाण्यातही चढतो, त्याला दोन्ही चालतं. माझ्या शेजारी विज्ञानाचे एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांनी एकदा मला समजावलं होतं की खाऱ्या पाण्यातला मासा सारखा पाणी पीत असतो आणि नदीतला पीत नाही. खाऱ्यातला उचलून गोड्यात टाकला तर बहुतेक मासे जगत नाहीत. पण बोय जगतो. मी विहीणबाईंकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, असू दे, बाई बोय असू दे.

साडेदहा वाजले असतील. मी डबा उघडला. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. विहीणबाईंपुढे धरला तर त्या म्हणाल्या, आता नको. म्हटलं, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. त्या म्हणाल्या, आज काय आहे, षष्ठी ना? मग आता नको.

षष्ठी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं, कारण मुलीची तक्रार मला ठाऊक होती. पंधरा-वीस दिवसांपूर्वी तिने फोनवर हळू आवाजात सांगितलं होतं, "आई, त्या चोरून उपास करून राहिल्या. रोज सकाळी उठून कॅलेंडरवर तिथी पाहतात, बोटं मोजतात, अन् मंग जेवत नाहीत." छप्पन सालापासून आमच्या घरात एकादशी-चतुर्थी नाही. माझ्या आजोबांनी ते सगळं मागे टाकलं, आणि कॅलेंडरवरच्या तिथीकडे आमच्यात पाहतं कोण. आम्ही गॅस कधी लावला तेवढंच तिथे लिहितो. विहीणबाईंचं घरही आमच्यासारखंच बौद्ध. मुलीला वाटलं, म्हातारपणी एकटेपणात बाई व्रतांच्या नादी लागल्या आणि मुलाला लाजून लपवतात. मलाही तेच वाटलं होतं. तो विषय काढणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, म्हणून इतके दिवस मी गप्प होते. आता राहवलं नाही.

"विहीणबाई, तुमी उपास काहून करता?" मी विचारलं. "कोणत्या देवासाठी करून राहिल्या?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. नागपुरात आल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "उपास न्हाय गो. पानी."

मग त्यांनी मला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आज षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे तिकडे साडेचारला भरती पुरी होणार. त्याच्या सहा तास आधी, साडेदहाला, ओहोटीचं पाणी सगळ्यात खाली. तिथले सगळे असंच मोजतात, घड्याळ नंतर. ओहोटी लागली की त्या खडकावर उतरायच्या, कालवं काढायच्या, गरवायच्या, आणि पाणी चढायला लागलं की घरी येऊन रांधून जेवायच्या. भरती रोज थोडी पुढे सरकते, तसं जेवणही सरकतं. चाळीस-पन्नास वर्षं पोट त्या वेळेवर चाललेलं. मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी उठून त्या तिथी बघायच्या आणि त्यांचा दिवस त्या पाण्याप्रमाणे जायचा. गॅलरीत गप्प बसायच्या तेव्हा त्या खडकावर असायच्या. ओहोटीच्या वेळी ताट पुढे आलं तर घास उतरायचा नाही, कारण त्यांच्या लेखी त्या घरी नव्हत्याच.

मी म्हटलं, मग हे पोराला सांगितलं काहून नाही. त्या नदीकडे बघत होत्या.

"त्याला सांगितलं तर तो मला घेऊन जाईल," त्या म्हणाल्या. "बायको-पोर घेऊन जाईल. मग तुमचं काय? तुम्ही मला हितं कशाला आणलंत ते मला कळतंय, विहीणबाय. माझी लेक मुंबईला दिलेली, वर्षातून दोन दिस दिसते. लेक लांब गेली की काय होतं ते मला ठावं हाय. मी राहीन हितं. फक्त त्याला हे पान्याचं सांगू नका."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला. मी ज्यासाठी आले होते ते मला मिळालं होतं, न मागता, आणि देणारीने स्वतःच्या हाताने दिलं होतं. मी भाकर मोडून खाल्ली. नंतर माझा पाण्यावरचा तरंगता तुकडा बुडाला, मी एक रोहू काढला, बेताचाच, दमवून दमवून. विहीणबाई शेजारी बसून पाहत होत्या. त्यांनी विचारलं, हे जे पाणी समोरून गेलं ते परत कधी येतं. मी म्हटलं, नाही येत, नदी आहे ही. त्यांनी आपला दोर लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळून पिशवीत ठेवला. परतीच्या गाडीत त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

संध्याकाळी मनीषनगरला मुलीने मासा केला. आमच्या पद्धतीने, आधी पिठाने आणि हळदीने चोळून धुतला, गाळाचा वास जावा म्हणून, मग खसखस, भाजलेलं खोबरं, काळा मसाला, वर तेलाचा तवंग. विहीणबाई हे बघून नेहमी म्हणायच्या की एवढ्या मसाल्यात चप्पल टाकली तरी चांगली लागेल. नदीच्या माशाला मुळात मिठाची चव नाही, काटेही मेले मांसात पेरल्यासारखे, असंही त्यांचं मत. इतक्या महिन्यांत त्यांनी इथला मासा तोंडाला लावला नव्हता. त्या दिवशी त्यांनी स्वतः ताट पुढे केलं आणि मोठा तुकडा वाढून घेतला.

आम्ही सगळे बसलो होतो. जावई आईच्या ताटाकडे बघत होते, घास घ्यायचं विसरून. विहीणबाईंनी काटे काढले, घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि वर पाणी प्यायल्या. प्रत्येक घासामागे एक घोट पाणी. औषध घ्यावं तशा त्या मासा खात होत्या, आणि मध्येच मुलाकडे बघून म्हणाल्या, चांगला लागतो. मग म्हणाल्या, मला इथलं मानवायला लागलं आता. जावयाचा चेहरा असा खुलला की मला तिकडे बघवेना. माझी मुलगी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसली, म्हणजे आई, जमलं तुला.

एक शब्द बोलायची गरज नव्हती. गप्प राहिले असते तर मुलगी इथे राहिली असती, नात रोज घरी आली असती, चहा, भांडण, सगळं जसंच्या तसं. आणि समोर ही बाई अशीच बसली असती, घास घ्यायचा, पाणी प्यायचं, चांगला लागतो म्हणायचं, मरेपर्यंत. माझ्या सुखासाठी. मला स्वतःचा राग आला, तिचाही आला. इतकं चांगलं कोणी कोणाशी वागू नये. ते फेडायला माणसाजवळ काही नसतं.

"जावईबापू," मी म्हटलं, "तुमची आई खोटं बोलून राहिली."

विहीणबाईंनी माझा हात धरला, ताटाआडून, जोरात. मी थांबले नाही. मी तिथीचं सांगितलं, पाऊणपटीचं सांगितलं, गॅलरीचं सांगितलं. जावई ऐकत होते आणि हळूहळू मान खाली घालत होते. त्यांना तर हा हिशेब लहानपणापासून येत होता, नागपुरात राहून विसरले होते. शेवटी मी म्हटलं, बदलीचा अर्ज टाका, परीक्षेची वाट पाहू नका.

नात एकदा माझ्याकडे आणि एकदा तिच्या आईकडे बघत होती. मुलीने हातातली पळी भांड्यात सोडली.

"अन् तुझ्याजवळ कोण राहीन वं, आई?" तिने विचारलं.

मुलीच्या सासरी जाऊन राहायची आमच्यात रीत नाही आणि माझ्या स्वभावाला ते झेपणारही नाही, हे तिला माहीत होतं. विहीणबाई रडत होत्या, आणि रडता रडता पुढचा घास उचलायला त्यांनी हात ताटात घातला होता. मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं. त्यात उरलेला मासा माझ्या ताटात घेतला, काटे बाजूला केले आणि खाऊन संपवला. तो खरोखरच चांगला झाला होता.